स्टीन मावशीचे दोन फोटो

माझा नवरा एव्हर्ट हा मेप्पलमधला सगळ्यात चांगला फोटोवाला, असं त्याचं स्वतःचं मत होतं. मेप्पलमध्ये दुसरा फोटोवाला नव्हता, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही. वरच्या मजल्यावर काचेचं छप्पर घातलेली खोली होती, तिथे तो. खाली दुकान, तिथे मी. गिऱ्हाइकाला नीट बसवणं, बायकांच्या टोप्या सरळ करणं, फोटो पुठ्ठ्यावर चिकटवणं, पाकिटं पोस्टात टाकणं ही सगळी कामं माझी. त्यामुळे १८७५ सालच्या उन्हाळ्यात जे झालं त्यात यंत्राचा दोष थोडा आणि माझा जास्त, हे आधीच कबूल करून टाकते.

मी मूळची फेनवाइकची. कालव्याच्या काठाने चालत निघालं तर मेप्पलहून दोन तासांवर. आमच्याकडे बायकांच्या अंगावर जे असतं ते नुसते कपडे नसतात. खांद्यांवरून छातीवर आणि पाठीवर येणारा, खळ घालून पुठ्ठ्यासारखा ताठ केलेला कापडी पट्टा असतो. त्याला क्राप्लाप म्हणतात. तो लाल असला की घरात सगळं ठीक. नवरा किंवा आईबाप गेले तर काळा. पोटचं मूल गेलं तर निळा, आणि तो पाच वर्षं. कोणाला काही विचारावं लागत नाही, सांगावं लागत नाही. बाई रस्त्याने गेली की घरची हकिकत गावाला कळते. लग्नानंतर मी हे सगळं सोडलं आणि शहरातल्या बायकांसारखा झगा घालायला लागले. फेनवाइकमध्ये म्हणतात, हिले आता मुकी झाली.

स्टीन मावशी माझ्या आईची सख्खी बहीण. तिचा नवरा लुबर्ट काका, मुलगा आरंट, मुलगी रूली. काका म्हणजे शब्दागणिक दंड भरावा लागतो की काय, असा माणूस. आरंट एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या हातून घोड्याचा पाय मोडला, तेव्हा मात्र काका बोलले. भर बाजारात बोलले आणि हातही उचलला. आरंट तसाच चालत सुटला, तो हार्डरवाइकच्या छावणीत जाऊन वसाहतीच्या फौजेत भरती झाला आणि सहा वर्षांसाठी जावाला गेला. जहाज सुटलं तरी काका निरोप द्यायला गेले नाहीत.

पोरगा गेल्यावर सहा महिन्यांतच रूली घटसर्पाने गेली. मावशीने पाद्रीबुवांकडून आरंटला पत्र लिहवून घेतलं, त्यात सगळे खुशाल आहेत असंच लिहायला लावलं. परक्या मुलखात पोराच्या जिवाला घोर नको, म्हणून. आठ महिन्यांनी शेजारच्या गावचा एक जण जावात आरंटच्या छावणीत पोचला आणि सहज बोलून गेला की तुझी आई निळ्यात आहे. तेव्हापासून आरंटचा घरच्या पत्रांवरचा विश्वास उडाला. मला कोणी विचारलं असतं तर मीही त्याचीच बाजू घेतली असती.

पंच्याहत्तरच्या मार्चमध्ये त्याचं पत्र आलं. नोव्हेंबरात सहा वर्षं भरतात, असं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, 'मला पत्र पाठवू नका. पत्रात तुम्ही नेहमी खुशालच असता. आई, तुझा फोटो पाठव. क्राप्लाप बघितला की मला कळेल, कपड्यांना खोटं बोलता येत नाही. घरात सगळं ठीक असलं तर मी येईन आणि बाबांची माफी मागेन. बाबा तो राग मनात ठेवूनच गेले असतील, तर तिथे येऊन मी कोणाचं तोंड बघू? मग आणखी सहा वर्षांची सही करीन.'

पोराच्या मनात नेमकं तेच यावं, आणि त्या हिवाळ्यात काका खरोखरच मरणाच्या दारात होते. फुप्फुसाचा ताप होता. सुताराने शवपेटीसाठी फळ्या निवडून बाजूला ठेवल्या होत्या. फेब्रुवारीच्या शेवटी ताप उतरला आणि काका उठून गोठ्यात गेले, तेही कोणाला न सांगता. मावशीने त्यांना आरंटचं पत्र वाचून दाखवलं. शेगडीकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, येऊ दे. काकांच्या मानाने हे भाषणच झालं.

मग काकांचाच फोटो काढून पाठवला की काम झालं, असं कोणालाही वाटेल. एव्हर्टलाही वाटलं. पण फेनवाइकच्या जुन्या माणसांना तसबीर म्हणजे बायबलात बंदी घातलेली मूर्ती वाटते. देवाने एकदा चेहरा दिलाय, तो दुसऱ्यांदा बनवायचा अधिकार फोटोवाल्याला कोणी दिला, असं काकांनी माझ्या लग्नातच एव्हर्टला विचारलं होतं. मावशीने जायचं तर जावं, त्यांनी अडवलं नाही, पण स्वतः ते बसणार नव्हते.

मे महिन्यात मावशी आली. रूलीची पाच वर्षं नुकतीच भरली होती. लाल क्राप्लाप पेटीतून काढून, उसवून, थोडा सैल करून तिने घातला होता. गळ्याचा रुमाल लाल, कानांवर चांदीच्या पट्ट्या. पाच वर्षं निळ्यात बघितलेली माझी मावशी लाल घालून दुकानात शिरली तेव्हा मला भरून आलं. एव्हर्टने आठ अंक मोजले, तेवढा वेळ हलायचं नसतं, आणि मावशी अशी बसली की तिच्याआधी यंत्रच हललं असतं. दोन प्रती काढल्या. एक पुठ्ठ्यावर चिकटवून मी त्याच आठवड्यात जावाच्या टपालात टाकली. चिकटवताना चांगली निरखून बघितली. कडा स्वच्छ, चेहरा स्पष्ट, कुठे डाग नाही. फोटोवाल्याच्या बायकोने जे बघायचं ते सगळं बघितलं.

दुसरी प्रत घ्यायला मावशी तीन आठवड्यांनी आली. लोण्याच्या बाजाराचा दिवस होता, टोपली रिकामी करूनच ती दुकानात शिरली. मी फोटो तिच्या हातात दिला आणि ती आता काय म्हणते म्हणून वाट बघत उभी राहिले. तिने तो खिडकीशी नेला, मग लांब धरला, मग जवळ. मग ती टोपलीवरच बसली.

"हिले," ती म्हणाली, "कोण गेलं?"

मला कळेना. ती स्वतःच्याच फोटोकडे बघून मला विचारत होती. मी तिच्या खांद्यावरून वाकून पुन्हा बघितलं, आणि या वेळी मला तो फेनवाइकच्या पोरीच्या डोळ्यांनी दिसला. गळ्यापासून कमरेपर्यंत काळं. रुमाल काळा, क्राप्लाप काळा, त्यावरची फुलंसुद्धा काळ्यात बुडालेली. नवरा गेलेली बाई होती ती.

एव्हर्टला खाली बोलावलं. त्याने मोठ्या हौसेने समजावून सांगितलं की काचेवरच्या रसायनाला लाल दिसतच नाही, त्यामुळे लाल काळं उमटतं, आणि निळं मात्र जवळजवळ पांढरं. हे सगळ्या फोटोवाल्यांना माहीत असतं. "मलाही माहीत होतं," मी म्हणाले, आणि खाली बसले. सैनिकांच्या लाल पट्ट्या काळ्या येतात, निळ्या डोळ्यांची माणसं आंधळी दिसतात, हे मी रोज बघत होते. पण लालचं काळं झालं म्हणजे फेनवाइकमध्ये माणूस मरतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आठ वर्षांत मी माझी भाषा विसरले होते.

मावशीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याने जास्तच लागलं. ती फक्त फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता तो सही करेल."

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता पत्र लिहिते. मावशी म्हणाली, काय लिहिशील? मी म्हणाले, सगळे खुशाल आहेत असं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. एव्हर्ट म्हणाला, दुसऱ्या प्रतीवर हाताने लाल रंग भरून देतो, सुंदर दिसेल. मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो एक पायरी मागे सरकला. काळ्यावर लाल फासलं तर पोरगं काय समजेल? पाच वर्षांपूर्वी आईने बहिणीचं मरण झाकलं, आता बापाचं झाकते आहे.

उपाय एकच होता आणि तो बोलायला माझी जीभ रेटेना. शेवटी बोलले. मावशीने निळं घालायचं. निळं घातलं की फोटोत फिकं येईल. लाल दिसणार नाही, पण काळं तरी दिसणार नाही. नवरा जिवंत आहे एवढं तरी त्याला कळेल.

"रूलीचं निळं?" मावशीने विचारलं.

मी मान डोलावली. पोटचं मूल जिवंत असताना त्याच्या दुखवट्याचा कपडा अंगावर चढवायचा, तेही धडधडीत दिवसाढवळ्या. आमच्याकडची कुठलीही बाई मला त्या जागी दोन थोबाडीत देऊन निघून गेली असती. मावशीने टोपली उचलली, आणि पुढच्या मंगळवारी येते म्हणाली. काकांना मात्र यातलं काही कळता कामा नये. आपल्या पोराच्या लेखी आपण मेलो आहोत, आणि तेही रागात, हे नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला कोण सांगणार?

मंगळवारी सकाळी सात वाजता मावशी कालव्यावरच्या होडीत बसली. निळा क्राप्लाप, निळा रुमाल, आणि वरून गळ्यापर्यंत ओढलेली तपकिरी शाल. जूनचा उकाडा, होडी ओढणारा घोडा म्हातारा, रात्रभर मावशीला झोप नव्हती. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या पहिल्याच फाटकाशी होडी थांबली तेव्हा तिचा डोळा लागला आणि शाल खांद्यावरून घसरली. काठावर बेकरीवाल्याची बायको याकोबा बादली घेऊन उभी होती. तिने निळं बघितलं, बादली तिथेच ठेवली आणि गावाकडे पळाली.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. आमच्याकडे दुखवट्याला गेलं की बोलत नाहीत. हात हातात घेतात, दाबतात आणि खाली बघतात. काका गोठ्यात शेण काढत होते. याकोबा आली, तिने त्यांचा हात घेतला, दाबला, पाव ठेवला आणि गेली. काकांना वाटलं बाईचं डोकं फिरलंय. मग शेजारचे दोघे भाऊ आले, त्यांनीही तेच केलं. मग चर्चचे वडीलधारे टोपी काढून दारात उभे राहिले तेव्हा काकांनी विचारलं की आज सगळ्यांना झालंय काय. ते म्हणाले, "लुबर्ट, स्टीन निळ्यात आहे. सगळ्या गावाने बघितलं."

मावशीला आता एकच मूल होतं.

काकांनी हातातलं खोरं तिथेच टाकलं आणि ते निघाले. जावाचं टपाल माझ्या दुकानात येतं हे त्यांना माहीत होतं. बातमी तिथे आली असणार, स्टीनला कळलं असणार, आणि तिने आपल्याला सांगितलं नसणार, असं त्यांनी धरलं. चार महिन्यांपूर्वी ज्याच्या फळ्या निवडल्या होत्या तो माणूस लाकडी बूट घालून दोन तासांची वाट दीड तासात चालला.

आम्ही वर होतो. मावशी खुर्चीत, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावलेला. एव्हर्टने काच रसायनाने ओली करून यंत्रात घातली होती आणि काळ्या कापडाखाली डोकं खुपसलं होतं. तेवढ्यात जिन्यावर लाकडी बुटांचा आवाज आला. काका दारात उभे राहिले. कामाचा सदरा, गुडघ्यापर्यंत शेण, तोंडाला कोरड. मावशीला निळ्यात बघितल्यावर त्यांनी चौकट धरली.

"कधी गेला?" ते म्हणाले.

कोणालाच कळलं नाही. मावशीला हलू नको असं बजावलेलं होतं, ती बिचारी तशीच समोर बघत राहिली.

"स्टीन, आरंट कधी गेला? मला का नाही सांगितलंस?"

मावशी उठली, चिमटा कलंडला. "आरंट आहे, लुबर्ट. तो बरा आहे. कोणी गेलेलं नाही."

"मग हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी," मावशी म्हणाली, आणि ते किती विचित्र ऐकू येतंय हे तिला बोलल्यावर कळलं.

काका पुढे आले आणि तिच्या खुर्चीत बसले. मग ते रडले. हात मांडीवर तसेच, डोळे न पुसता, समोर बघत रडले. लुबर्ट काकांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, रूलीच्या वेळीही नाही. मावशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मीही रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं, दोन्ही एकदम. एव्हर्टने कापडातून डोकं बाहेर काढून हळूच सांगितलं की काच वाळते आहे. मी त्याच्याकडे बघितलं तसं ते डोकं पुन्हा आत गेलं.

मग मी काकांना सगळं सांगितलं. लाल काळं कसं आलं, ते मी न बघता कसं पाठवलं, आरंटने पत्रात काय लिहिलं होतं त्याची आठवण करून दिली. चूक माझी आहे, हेही सांगितलं. संपल्यावर त्यांनी बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे त्याला वाटणार, मी मेलो."

"हो, काका."

"रागातच मेलो."

"हो."

ते बराच वेळ एव्हर्टच्या यंत्राकडे बघत बसले. ज्या यंत्राला त्यांनी आठ वर्षं शिव्या दिल्या होत्या, त्याची लाकडी पेटी, पितळी नळी, तीन पाय, सगळं एकदा नीट बघून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ बसायचं?"

"आठ अंक मोजेपर्यंत," एव्हर्ट म्हणाला.

"बसलोच आहे. काढ."

मावशी म्हणाली, लुबर्ट, तुला नको असेल तर नको. काका म्हणाले, वर गेल्यावर काय ते मी बघून घेईन, तुम्ही त्यात पडू नका. एव्हर्टने पळत जाऊन नवी काच तयार केली. मी त्याचा रविवारचा कोट आणला, काकांनी तो घातला नाही. शेण तरी पुसू द्या म्हटलं, तेही नाही. एव्हर्टने मानेमागे चिमटा आणला तेव्हा म्हणाले, मान अडकवायला मी बैल आहे का? चिमटा गेला. मावशी त्यांच्या शेजारी उभी राहिली, निळ्यातच. आता कपडे बदलायला दुसरे होते कुठे?

एव्हर्टने नळीचं झाकण काढलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. काका दगडासारखे बसले होते. चार. मला वाटलं, जमतंय. पाच. तेवढ्यात काकांना काहीतरी आठवलं. त्यांनी मान मावशीकडे वळवली.

"स्टीन, तांबडी व्याली. तू गेल्यावर लगेच. कालवड आहे."

मावशी हलली नाही. तिचे ओठ घट्ट होते, पण हसू डोळ्यांत आलं होतं. एव्हर्टने आठपर्यंत मोजलं, झाकण लावलं आणि कपाळाला हात लावला. पुन्हा एकदा काढू म्हणाला. काका उठून उभे राहिले होते. एकदा पाप केलं तेवढं पुरे, म्हणाले, आणि खाली जाऊन त्यांनी माझ्या दुकानात लोण्याबरोबर अर्धा पाव खाल्ला. मग तांबडीला बघायचं म्हणून दोघं दुपारच्या होडीने घरी गेली. गावात शिरताना काकांनी मावशीची शाल स्वतःच्या हाताने घट्ट ओढली होती, असं मावशीने मला नंतर सांगितलं.

काच धुऊन बघितली तर मावशी स्वच्छ आली होती, फिकट, जवळजवळ पांढऱ्या कपड्यात. काकांचे हात आले होते, सदरा आला होता, बुटांवरचं शेण तर फारच सुरेख आलं होतं. डोकं मात्र दोनदा आलं होतं. एक समोर बघणारं, एक मावशीकडे वळलेलं, आणि दोन्हींच्या मध्ये तोंड आणि हनुवटी धुरासारखी पसरलेली. एव्हर्ट म्हणाला, या फोटोवर माझं नाव छापायचं नाही. मी म्हणाले, नको छापूस. साध्या पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पत्राशिवाय टपालात टाकला.

मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पहिला फोटो जुलैत पोचणार, दुसरा ऑगस्टच्या शेवटी, हे आम्ही दोघींनी दहादा मोजलं होतं. मधल्या चार-पाच आठवड्यांत आरंट सही करू शकत होता. आधी सही करणाऱ्याला फौज जास्त बक्षीस देते, असंही एकाने सांगितलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मावशी दर बाजाराला यायची, दारातूनच माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता परत जायची. मी फोटो चिकटवताना प्रत्येक बाईला विचारायला लागले होते की तुमच्या अंगावर काय रंग होता. लोकांना मी वेडी वाटत असणार.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. वरचं अक्षर आरंटचं. मी ते उघडलं नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि होडीची वाट न बघता कालव्याच्या काठाने चालत फेनवाइकला गेले.

दोघं स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. मावशीने पाकीट हातात घेतलं आणि परत माझ्याकडे दिलं. तू वाच, म्हणाली. काकांनी सुरी खाली ठेवली. मी वाचलं.

'आई, जुलैत तुझा फोटो आला. तू काळ्यात होतीस. मी बरेच दिवस कोणाशी बोललो नाही. मग सहीचा कागद मागून आणला. एक सप्टेंबरला सही करायची होती. सव्वीस ऑगस्टला दुसरा फोटो आला.

'तू त्यात कोणत्या रंगात आहेस ते मला कळत नाही. असला रंग आपल्याकडे नसतो. शेजारी बाबा होते. इथल्या एकाने सांगितलं की दुसऱ्या फोटोतला माणूस कापून नव्या फोटोत बसवता येतो. तेही खरं वाटलं. मग मी बाबांचं तोंड बघितलं. तोंड हललंय. इथे मेलेल्या माणसांचे फोटो काढतात, मी बघितलेत. ते कधी हलत नाहीत.

'बाबा तुला काहीतरी सांगतायत. काय ते मी खूप बघितलं, भिंगाने बघितलं, कळत नाही. कागद परत दिला. डिसेंबरात जहाज आहे. काय सांगत होते ते येऊन विचारतो. आरंट.'

मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठा श्वास सोडला. मार्चपासून धरून ठेवलेला असावा. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

काका मात्र कपाळाला आठ्या घालून आठवत होते. "काय सांगत होतो मी?"

"तांबडी व्याली म्हणून," मावशी म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी सुरी उचलली, अर्धा सोललेला बटाटा उचलला, आणि दोन्ही पुन्हा खाली ठेवले.

"बरं झालं," ते म्हणाले, "गप्प बसलो नाही."

मग त्यांनी मला पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. वरचं राहू दे, तोंडाचं तेवढं वाच, म्हणाले.